व्रणावर जरायूचे आवरण : उपयोग, मर्यादा आणि पथ्य

मधुमेहाने बधिर झालेल्या तळपायाचा जुना व्रण, भाजल्यामुळे झालेला विस्तृत व्रण आणि शिरांच्या विकृतीमुळे घोट्याच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे न भरणारा व्रण, हे तीन प्रकारचे रुग्ण ग्रामीण भागातील वैद्यांकडे बहुधा सर्वांत शेवटी येतात. तोपर्यंत त्यांच्या पोटात दोन-तीन प्रकारची प्रतिजैविके गेलेली असतात, पुवाची तपासणी झालेली असते आणि तपासणीच्या कागदावर निम्म्या औषधांसमोर ‘निरुपयोगी’ असा शेरा पडलेला असतो. अशा वेळी औषधविक्रेत्याच्या कपाटात असलेली पातळ पडद्यांची, कोलॅजेनच्या पट्ट्यांची आणि वारेच्या अर्काच्या मलमांची पाकिटे चिकित्सकाचे लक्ष वेधून घेतात. प्राण्याच्या किंवा मनुष्याच्या ऊतींपासून तयार झालेल्या या वस्तू खरोखर जंतूंचा नाश करतात काय, आणि करीत असतील तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न आपल्या व्यवसायात वारंवार उपस्थित होतो. या सर्व वस्तूंमध्ये ज्याचा इतिहास सर्वांत दीर्घ आणि अभ्यास सर्वांत सखोल आहे, त्या गर्भावरणाच्या पडद्याच्या, म्हणजे जरायूच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

शास्त्रातील स्थान

जांगम द्रव्ये आपल्या शास्त्राला परकी नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मध व गोरसाबरोबर पित्त, वसा, मज्जा, रक्त, मांस, चर्म, अस्थी, स्नायू, शृंग, नख, खूर, केश आणि रोचना यांची गणना औषधी द्रव्यांत केली आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानातील द्विव्रणीय अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. त्यांत शोधन आहे, रोपण आहे, कृमिघ्न उपक्रम आहे, बंध आहे आणि व्रणावर पाने ठेवण्याचे पत्रदानही आहे. त्याच अध्यायात कृमी पडलेल्या व्रणावर मांसपेशी ठेवून त्या कृमींना बाहेर काढून घेण्याचा एक मार्मिक उपाय येतो. काही उत्साही लेखक या उपायाला आजच्या जैविक आवरणाचे मूळ मानतात. ते योग्य नव्हे. सुश्रुतांची मांसपेशी ही कृमींना दाखविलेले आमिष आहे. ती व्रण भरून यावा म्हणून ठेवलेली नाही. आपल्या शास्त्राचा मोठेपणा अशा ओढूनताणून आणलेल्या साम्यावर अवलंबून नाही.

खरा संबंध निराळ्या ठिकाणी आहे. व्रण शुद्ध झाल्याखेरीज रोपणाला हात घालू नये, हा जो क्रम सुश्रुतांनी घालून दिला, तोच क्रम गर्भावरणाच्या पडद्याच्या बाबतीत शंभर वर्षांच्या अनुभवाने पुन्हा सिद्ध झालेला दिसतो. हा लेख मुख्यतः त्या क्रमाविषयी आहे.

पडदा म्हणजे काय

गर्भाशयात गर्भ ज्या पाण्याच्या पिशवीत असतो, तिला दोन पडदे असतात. बाहेरचा जाड पडदा कोरिऑन आणि आतला, गर्भोदकाला लागून असलेला, तलम व चकचकीत पडदा ॲम्निऑन. वार पडल्यानंतर हे दोन्ही पडदे एकमेकांपासून बोटांनी सहज सोडविता येतात. आतला पडदा इतका पातळ असतो की त्यातून अक्षरे वाचता यावीत. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नाड्या नाहीत, रसवाहिन्याही नाहीत. त्याचे पोषण भोवतालच्या द्रवातून झिरपून होते. परक्या व्यक्तीच्या व्रणावर ठेवला असता शरीर त्याला तीव्रतेने झिडकारीत नाही, हे त्याचे फार मोठे वैशिष्ट्य होय.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे १९१० साली डेव्हिस यांनी त्वचारोपणात गर्भावरणांचा उपयोग नोंदविला. १९१३ साली स्टर्न आणि सॅबेला यांनी भाजलेल्या व व्रणयुक्त पृष्ठभागांवर तो वापरला. १९४० साली डे रॉथ यांनी डोळ्याच्या शस्त्रकर्मात त्याचा प्रवेश करविला आणि १९५० साली जुन्या व्रणांवरील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकांच्या बहराच्या काळात मात्र हा पडदा मागे पडला. त्याच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण प्रतिजैविकांचे अपयश हेच होते.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने ऊतीपेढी सुरू झाली. तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ पासून चालविलेला ‘आयसोमेड’ हा वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रकल्प जवळच असल्यामुळे हे काम शक्य झाले. वाळविलेला पडदा पाकिटात बंद करून त्यावर साधारण २५ किलोग्रे इतकी किरणमात्रा दिली जाते. असा पडदा शीतकपाटावाचून टिकतो. ज्या देशात वीज जाते-येते तेथे या गुणाचे महत्त्व प्रयोगशाळेतील कोणत्याही गुणापेक्षा कमी नाही.

जंतूंवर परिणाम कसा होतो

या पडद्याच्या पेशींत व स्रावांत जंतुविरोधी द्रव्ये असतात, यात शंका नाही. बीटा-डिफेन्सिन, कॅथेलिसिडिन, इलाफिन यांसारखी लहान प्रथिने तेथे सापडली आहेत. गर्भोदकात लायसोझाइम आहे. हे तेच द्रव्य, जे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, नाकाच्या स्रावात आणि अश्रूंत ओळखले होते. गर्भाचे रक्षण करणाऱ्या आवरणाने स्वतःची शस्त्रे बाळगावीत, हे स्वाभाविकच आहे.

परंतु व्रणावर ठेवलेल्या पडद्याचा परिणाम मुख्यतः या द्रव्यांमुळे होतो असे समजणे चुकीचे ठरेल. तो मुख्यतः चिकटण्यामुळे होतो. शुद्ध व्रणाच्या पृष्ठभागावर येणाऱ्या फायब्रिनमुळे पडदा व्रणाला घट्ट धरून राहतो. त्यामुळे पडदा आणि मांस यांच्यामध्ये द्रव साचण्यास पोकळी उरत नाही. पोकळी नसली की जंतूंना वाढण्यास जागा मिळत नाही आणि शरीरातील श्वेतपेशींना त्यांच्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते. बाहेरून नवे जंतू येत नाहीत, द्रव व उष्णता यांचा क्षय थांबतो, उघड्या नाड्यांवर आच्छादन आल्याने वेदना तात्काळ कमी होते. १९७३ साली रॉबसन आणि क्रिझेक यांनी उंदरांच्या संसर्गयुक्त दग्धव्रणांवर मानवी गर्भावरण ठेवून जंतूंची संख्या घटल्याचे दाखविले. तेव्हापासून या विषयाला शास्त्रीय पाया मिळाला.

या चिकटण्याचा एक व्यावहारिक उपयोग आहे आणि प्रत्येक वैद्याने तो लक्षात ठेवावा असा आहे. एक ग्रॅम ऊतीमागे एक लक्षाहून अधिक जंतू असतील तर जैविक आवरण व्रणाला नीट चिकटत नाही. त्याखालील द्रव गढूळ होतो आणि आवरण सरकते किंवा विरघळल्यासारखे होते. संख्या त्याखाली आली की ते धरते. म्हणजेच पडदा स्वतःच व्रणाच्या शुद्धाशुद्धतेची परीक्षा करून देतो. पहिल्या दिवशी ठेवलेला पडदा दुसऱ्या दिवशी पुवावर तरंगत असेल, तर व्रण अद्याप दुष्ट आहे, शोधन अपुरे आहे, असा त्याचा अर्थ. त्या वेळी पडद्यावर पडदा ठेवीत बसण्यात पैसाही जातो आणि वेळही. पडदा काढावा, व्रण धुवावा, मृत मांस शल्यकर्माने दूर करावे आणि पुन्हा एक दिवस परीक्षा करावी. शुद्ध व्रणाची जी लक्षणे सुश्रुतांनी सांगितली, ती डोळ्यांनी पाहावयाची आहेत. पडदा त्यांत आणखी एक साक्षीदार जोडतो, एवढेच.

बेडकाच्या त्वचेची गोष्ट

ऊतीत जंतुघ्न द्रव्य सापडले म्हणजे व्रणाचे औषध सापडले, असे होत नाही. याचे एक बोधप्रद उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झासलॉफ हे आफ्रिकी नखवाल्या बेडकांवर शस्त्रकर्म करून त्यांना पुन्हा टाकीतल्या जंतुयुक्त पाण्यात सोडीत. टाके घातलेल्या जखमा घाणेरड्या पाण्यात राहूनही पिकत नाहीत, हे त्यांनी हेरले. बेडकाच्या त्वचेतून त्यांनी दोन लहान प्रथिने वेगळी केली, त्यांना ‘मॅगेनिन’ असे नाव दिले आणि १९८७ साली हा शोध प्रसिद्ध केला. जगभर मोठा गाजावाजा झाला.

त्याच रचनेवरून पेक्सिगनान नावाचे मलम तयार झाले. त्याचे लक्ष्य होते मधुमेही पायाचा संसर्गयुक्त व्रण, म्हणजे आपल्यासमोर बसलेला तोच रुग्ण. ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांशी त्याची तुलना झाली. परंतु १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याला संमती नाकारली. पुढे पुन्हा दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ साली त्यांचे निष्कर्ष आले. औषध नसलेल्या नुसत्या मलमापेक्षा पेक्सिगनान सरस ठरले नाही. काचपात्रात जंतूंची आवरणे फोडणारे द्रव्य व्रणात हरले.

हे का घडले, याचा ऊहापोह तज्ज्ञांनी केला आहे. परंतु कोणत्याही अनुभवी वैद्याला एक गोष्ट सहज पटेल. मधुमेही पायाचा व्रण बरा होणे हे त्यावरील दाब कमी करणे, मृत मांस काढणे, रक्ताभिसरण असणे आणि साखर आटोक्यात येणे यांवर अधिक अवलंबून असते. ज्या रुग्णाची पादत्राणेच बदललेली नाहीत, त्याला लावलेले कोणतेही मलम नुसत्या मलमासारखेच वागणार. काचपात्रातील परिणाम आणि रुग्णावरील परिणाम यांतील हे अंतर पाकिटावरील छापील दाव्यात कधीच दिसत नाही.

पाकिटातील पडदा आणि ताजा पडदा

याच कारणासाठी एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. जंतुविरोधी प्रथिनांचे बहुतेक शोध ताज्या किंवा गोठविलेल्या पडद्यावर लागलेले आहेत. वाळवून किरणांनी निर्जंतुक केलेल्या पडद्यात जिवंत पेशी राहत नाहीत आणि ताज्या पडद्यातील सर्व क्रियाशील द्रव्येही त्याच प्रमाणात टिकत नाहीत. तो उत्तम आवरण म्हणून काम करतो. त्याला ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ म्हणणे हा मात्र व्यापारी अलंकार होय. वारेचा जलीय अर्क असलेली जेल ही तर सर्वस्वी निराळी वस्तू आहे. ती व्रणाला आच्छादन देत नाही, त्यामुळे पडद्याविषयीचे निष्कर्ष तिला लावू नयेत. कोलॅजेनच्या पट्ट्याही तशाच. कोलॅजेन स्वतः जंतूंना मारीत नाही. त्यात चांदी, जेंटामायसिन किंवा मेट्रोनिडॅझोल मिसळलेले असेल तर जंतूंवर जो परिणाम होईल तो त्या मिश्रणाचा.

मग ताजा पडदाच का वापरू नये, असा प्रश्न येतो. प्रसूतिगृहात तो रोज उपलब्ध असतो, त्याला मूल्य पडत नाही, आणि पूर्वी अनेक रुग्णालयांत तो धुऊन तसाच वापरलाही जात असे. या मोहाला आज कोणीही बळी पडू नये. एचआयव्ही, कावीळ ब व क आणि फिरंग यांचा प्रसार ऊतींमधून होऊ शकतो. संसर्ग होऊनही रक्ततपासणी निर्दोष येण्याचा एक आरंभीचा काळ असतो. म्हणून गोठविलेला पडदा अनेक ठिकाणी सहा महिने बाजूला ठेवून, मातेची पुन्हा तपासणी झाल्यावरच वापरात आणतात. पाणमोट लवकर फुटलेली असेल, गर्भोदकाला दुर्गंधी असेल किंवा बाळाने आत मलविसर्जन केलेले असेल, तर तो पडदा घेतलाच जात नाही. प्रसूतिगृहातून थेट आणलेल्या पडद्याच्या बाबतीत यांपैकी कशाचीही हमी नसते. जंतुसंसर्गावर इलाज म्हणून जंतुसंसर्गच रुग्णाच्या अंगावर ठेवण्याचा तो प्रकार होईल. शिवाय जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे मानवी ऊतींची विल्हेवाट पिवळ्या पिशवीतून लावावयाची असते. वार अशी परस्पर रुग्णालयाबाहेर नेणे हेच मुळात नियमबाह्य आहे.

निर्जंतुकीकरणालाही सीमा आहे, हे ध्यानात असावे. १९८७ साली अमेरिकेत, मृत व्यक्तीकडून घेतलेले मेंदूचे आवरण रोपण केलेल्या एका रुग्णाला क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा असाध्य मस्तिष्कविकार झाल्याचे नोंदले गेले. ते आवरण गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले होते. पुढे जपानमध्ये अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. जंतू मारणारी किरणमात्रा त्या विकाराला कारण होणाऱ्या विकृत प्रथिनाला मारीत नाही. गर्भावरण हे मेंदूचे आवरण नव्हे आणि त्याची जोखीमही तेवढी नाही. तथापि ऊती कोणाची, कोठून आली आणि दात्याची चौकशी झाली काय, या प्रश्नांना किरणे पर्याय ठरत नाहीत, हे या घटनेने कायमचे सांगितले.

रुग्णनिवड आणि प्रयोगविधी

सुश्रुतांनी दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्‌दग्ध आणि अतिदग्ध असे भेद केले. फोड, तीव्र दाह व वेदना असणारे दुर्दग्ध हेच या पडद्याचे सर्वोत्तम क्षेत्र होय. फोडांची सुटलेली त्वचा काढून, व्रण स्वच्छ करून, पहिल्या काही तासांत पडदा ठेवला तर तो चिकटतो आणि खाली नवी त्वचा आली की आपोआप सुकून सुटतो. रोज पट्टी ओढून काढण्याच्या यातना वाचतात. भाजलेल्या लहान मुलाची पट्टी ज्याने एकदा बदलली आहे, त्याला या एका लाभाचे मोल सांगावयास नको. अतिदग्धात, जेथे त्वचेची सर्व जाडी गेली आहे, तेथे पडदा केवळ त्वचारोपण होईपर्यंतचे तात्पुरते आच्छादन आहे. अशा रुग्णाला दग्धचिकित्सा केंद्रात पाठविण्यास विलंब करू नये.

जुन्या व्रणात आधी शोधन. त्रिफळा किंवा पंचवल्कल क्वाथाने प्रक्षालन, मृत मांसाचे निर्हरण, आणि पडदा ठेवण्यापूर्वी निर्जंतुक लवणजलाने पुन्हा एकदा धुणे. येथे एक सूचना महत्त्वाची वाटते. जात्यादी तैल, जात्यादी घृत किंवा कोणतेही स्निग्ध मलम लावलेल्या व्रणावर पडदा ठेवू नये. स्निग्धता फायब्रिनच्या आणि पडद्याच्या मध्ये येते. तैल-घृताचे रोपण ही एक पद्धत आहे आणि पडद्याचे रोपण ही दुसरी. दोन्हींचा मिलाफ केल्याने लाभ दुप्पट होत नाही. दोन्ही फुकट जातात. पडद्याची कोणती बाजू व्रणाकडे ठेवावयाची, हे पाकिटावरील सूचनेप्रमाणे ठरवावे.

व्रणाभोवती पसरणारी लाली, ताप, थंडी, दाबल्यावर कुरकुर आवाज येणारी सूज, उघडे पडलेले हाड किंवा थंड, नाडी न लागणारे पाऊल यांपैकी काहीही आढळल्यास पडद्याचा विचार बाजूला ठेवावा. तेथे जंतू व्रणाच्या पृष्ठभागावर नसून खोल पसरलेले असतात, आणि शिरेतून प्रतिजैविक, शस्त्रकर्म किंवा रक्तवाहिन्यांची चिकित्सा यांवाचून पाय, प्रसंगी प्राणही, वाचत नाही.

खर्चाचा विचार करणाऱ्या वैद्यांसाठी सांगावयाचे तर आवरणाचे तत्त्व ऊतीपेढीपुरते मर्यादित नाही. मुंबईत वाडिया बालरुग्णालयात केसवानी यांनी १९८५ च्या सुमारास उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या दग्धव्रणांवर वापरल्या, तर शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील केळीच्या पानांच्या पट्टीवरील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पत्रदानाचा उपक्रम शिकलेल्या वैद्याला त्यात नवल वाटू नये. मात्र ती पानेही निर्जंतुक करूनच वापरली होती.

औषधविक्रेत्यांसाठी

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचाही समावेश झाला आणि २०१४ साली नियम आले. त्यानुसार ऊतीपेढीची नोंदणी आवश्यक आहे. मानवी पडद्याच्या पाकिटावर पेढीचे नाव, नोंदणी, गट क्रमांक, निर्जंतुकीकरणाची पद्धत व मुदत असलीच पाहिजे. नसेल तर ती वस्तू कपाटात ठेवू नये, मग विक्रीप्रतिनिधी कितीही ओळखीचा असो. प्राणिज कोलॅजेनची आवरणे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ च्या कक्षेत येतात. ‘आयुर्वेदिक औषध’ या सदराखाली त्यांची विक्री करता येत नाही. कोलॅजेन गाईचे, डुकराचे किंवा माशाचे असू शकते. हे रुग्णाला विक्रीपूर्वी सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, कारण व्रणावर लावल्यानंतर कळले तर चिकित्सेवरचा विश्वास एका क्षणात जातो. तो विश्वास परत मिळविण्यास कोणतेही मलम नाही.

रुग्णपत्रिकेत पडद्याचा गट क्रमांक, ठेवल्याची तारीख, दुसऱ्या दिवशी तो चिकटला होता की नाही, आणि खालील द्रवाचा वर्ण व गंध या नोंदी अवश्य कराव्यात. पेढीकडून एखाद्या दात्याविषयी पुढे सूचना आली तर त्या दात्याचा पडदा कोणत्या रुग्णाला लावला, हे शोधण्यासाठी वैद्याजवळ त्या एका क्रमांकाखेरीज दुसरे साधन नसते.